‘वर्तणूक : चांगली’ – आईच्या पित्ताशयाचं एक प्रकरण आणि डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरं

मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. तेवीस वर्षं दाखले लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. तिथे आम्ही सगळ्यांना ‘चांगली’ असं लिहितो. प्रयोगशाळेच्या काचा फोडलेल्यालाही चांगली, वर्षभर तोंडातून शब्द न काढलेल्या पोरीलाही चांगली. त्याच कागदावर वरच्या बाजूला जन्मतारीख असते. तिथे एक आकडा चुकला तर माणूस पेन्शनपर्यंत हेलपाटे घालतो. कागद एकच, शिक्का एकच, सही एकाच मुख्याध्यापकांची. पण कोणता रकाना वाचायचा आणि कोणता नुसता बघायचा, हे दाखला हातात धरणाऱ्यालाच कळावं लागतं.

गेल्या चतुर्थीनंतर आईच्या आजारपणात मला डॉक्टरांचे दाखले वाचायची वेळ आली. ते प्रकरण इथे सविस्तर लिहिते आहे, कारण तेव्हा आम्ही केलेल्या चुका बहुतेक घरांत होतात.

आईचं वय ६७. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर. गौरी-गणपतीत मोदक, वडे, सागोती असं सगळं यथासांग झालं आणि विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री उजव्या कुशीत अशी कळ आली की ती पडवीत खांबाला धरून बसली. आमचे नेहमीचे डॉक्टर गावातलेच, बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवी. त्यांनी पोट दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, ‘हा गॅस नव्हे. सोनोग्राफी करा.’ सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, सर्वांत मोठा १४ मिलिमीटर. पंधरा दिवसांत पुन्हा कळ आली. नुसते खडे दिसले आणि त्रास नसला तर बहुतेकदा काही करावं लागत नाही. पण दोनदा कळ आली, त्यात मधुमेह, तेव्हा पित्ताशय काढलेलं बरं, असं त्यांनी सांगितलं. सर्जन कोण, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

दादा डोंबिवलीला असतो. त्याने रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. कोल्हापुरातल्या एका सर्जनांचा फलक. नावाखाली दोन ओळी भरून अक्षरं: एम.एस., एफ.एम.ए.एस., एफ.आय.ए.जी.ई.एस., एफ.ए.सी.एस., त्याच्याखाली ‘सुवर्णपदक विजेते’, त्याच्याखाली तीन पुरस्कारांची नावं. सोबत दादाचा मेसेज: ‘हेच. बाकी कुणाकडे जायचं नाही.’

मला जवळचे, हायवेलगतच्या गावातले सर्जन माहीत होते. शाळेतल्या दोन शिक्षकांची अपेंडिक्स त्यांनीच काढली होती. त्यांच्या फलकावर नाव, नोंदणी क्रमांक आणि ‘एम.बी.बी.एस., डी.एन.बी. (जनरल सर्जरी)’ एवढंच. मी तोही फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘हा तर एम.एस. पण नाही!’

इथे पहिली चूक दादाची झाली. दुसरी माझी, ती पुढे सांगते.

माझ्या मावसबहिणीची मुलगी सिंधुदुर्गच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. हे कॉलेज २०२१ साली सुरू झालं, तिची पहिलीच बॅच. तिला फोन लावला तर ती हसायलाच लागली. ‘मावशी, डी.एन.बी. म्हणजे नॅशनल बोर्डाची परीक्षा. एम.एस.च्या बरोबरीचीच. विद्यापीठाऐवजी अख्ख्या देशाची एकच परीक्षा, आणि ती काय सोपी नसते.’ नॅशनल बोर्ड १९८२ पासून स्वतंत्रपणे या परीक्षा घेतं. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे लोकांना एम.डी. आणि एम.एस. ही दोनच नावं पाठ आहेत. गंमत अशी की डी.एन.बी. न कळणारा दादा एफ.आय.ए.जी.ई.एस. म्हणजे काय हे न विचारता मान डोलावत होता. अक्षरं जितकी कमी कळतात तितकी ती मोठी वाटतात.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. वही घेतली आणि फलकावरचं एकेक अक्षर कुठून आलं ते लिहायला बसले. भाची फोनवर, मी वहीत.

एम.बी.बी.एस., एम.एस., डी.एन.बी. ही जन्मतारखेच्या रकान्यातली माणसं. प्रवेश, काही वर्षांची राबणूक, परीक्षा, आणि मग वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव. खोटं लिहिलं तर पकडता येतं. नाव तपासायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकला की नोंदणी दिसते. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळा यांना हजेरी लावून. हजेरीचं महत्त्व काय ते शाळेत काम करणाऱ्याला निराळं सांगायला नको.

एफ.एम.ए.एस. आणि एफ.आय.ए.जी.ई.एस. या दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या दोन संघटनांच्या फेलोशिप. आधी सर्जन असावं लागतं, मग काही दिवसांचा कौशल्यवर्ग आणि परीक्षा. ‘फेलोशिप’ म्हटलं की दोन वर्षं कुठेतरी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली असतील असं आपल्याला वाटतं. तशाही फेलोशिप असतात, पण त्या वेगळ्या. एकच शब्द चार दिवसांनाही लागतो आणि दोन वर्षांनाही. तरी मी हे हलक्यात घेत नाही. एम.एस. झाल्यावर स्वतःचा दवाखाना बंद ठेवून, पदरचे पैसे घालून जो परत वर्गात जाऊन बसतो, त्याला त्या कामात गोडी आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

एफ.ए.सी.एस. म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो. ही संस्था १९१३ सालची. अर्ज, सहकाऱ्यांच्या शिफारसी, छाननी, आणि मग सभासदत्व. बाहेरच्या देशातल्या सर्जनांनाही ते मिळतं. याचा अर्थ बाई अमेरिकेत शिकून आली किंवा बुवा तिथे ऑपरेशनं करून आला, असा नाही. दादाला तो तसाच लागला होता.

सुवर्णपदक कसलं, हे फलकावर नव्हतं. ते नंतर कोल्हापूरला भिंतीवर बघायला मिळालं: एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला, औषधशास्त्रात. हुशारीचंच लक्षण आहे, नाही कोण म्हणतं. पण पित्ताशय कापायच्या कामी त्याचा उपयोग माझ्या दहावीच्या संस्कृतच्या बक्षिसाइतकाच.

राहिले तीन पुरस्कार. यातल्या दोहोंची नावं अशी होती की त्यात ‘भारत’, ‘रत्न’, ‘गौरव’ आणि ‘एक्सलन्स’ हे शब्द कुठल्याही क्रमाने लावले तरी चाललं असतं. त्या डॉक्टरांनी ते कसे मिळवले यावर मी काही म्हणत नाही. पण आमच्या शाळेला काय आलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एक ईमेल आला की आपल्या शाळेची राष्ट्रीय पातळीवरच्या पुरस्कारासाठी निवड झाली आहे. दिल्लीच्या हॉटेलात समारंभ, नामवंत पाहुण्यांच्या हस्ते ट्रॉफी, आणि खाली बारीक अक्षरात नोंदणी शुल्क, दोन माणसांचं जेवण धरून. आमच्या शाळेच्या दोन वर्गांना तेव्हा पत्रे नव्हते. मुख्याध्यापक सर चष्मा वर सारून म्हणाले, ‘बाई, यांना लिहा, ट्रॉफीच्या ऐवजी पत्रे पाठवा.’ तेव्हापासून पुरस्काराचं नाव दिसलं की मी आधी तीन गोष्टी बघते: देणारा कोण, निवडणारे कोण, आणि पैसे कुणाकडून कुणाकडे गेले.

नियम याबद्दल काय म्हणतो? भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या आचरणाचे २००२ चे विनियम आहेत. त्यात आहे की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती या सगळ्यावर लिहायचा. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या लावायच्या, किंवा व्यावसायिक ज्ञान देणारी वा खास गुणवत्तेची दखल घेणारी प्रमाणपत्रं, सभासदत्वं आणि सन्मानच. ज्या शाखेत खास पात्रता नाही तिचा तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. २०२३ च्या २ ऑगस्टला, त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम काढले आणि २३ ऑगस्टला स्थगित केले. म्हणजे पुन्हा २००२ चेच लागू. परिपत्रक काढायचं आणि तीन आठवड्यांत गुंडाळायचं, ही रीत फक्त शिक्षण खात्यातच आहे असं मला इतके दिवस वाटत होतं.

त्याहून कडक नियम सरकारी सन्मानांना आहे. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे, त्यामुळे ते नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. तरी आपल्याकडच्या लग्नपत्रिकांतसुद्धा ‘पद्मश्री डॉक्टर अमुक’ छापतात. कोकणाला यातलं एक नाव जवळचं: डॉ. हिम्मतराव बावस्कर. १९७०च्या दशकात हा माणूस महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. तांबडा विंचू चावला की धडधाकट माणूस फुप्फुसांत पाणी भरून जायचा. बावस्करांनी रात्र रात्र रोग्याजवळ बसून लक्षणं लिहून ठेवली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं निरीक्षण छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर त्यांनी रूढ केलं. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. मधली चाळीस वर्षं ज्यांना विंचू चावला त्यांना पद्मश्री बघून डॉक्टर निवडायचा असता, तर ते बिरवाडीला गेलेच नसते. सन्मान खरा होता, पण रोग्याच्या कामाला तो फार उशिरा आला.

आता माझी चूक. कौन्सिलच्या संकेतस्थळावर दोन्ही सर्जनांची नावं शोधली, दोन्ही मिळाली, पदव्या जिथल्या तिथे. हुरूप आला म्हणून गावातल्या आमच्या डॉक्टरांचंही नाव टाकलं. नाही! आडनाव आधी टाकलं, नाव आधी टाकलं, वडिलांचं नाव टाकलं. तरी नाही. वीस वर्षं ज्याच्याकडून औषध घेतलं तो माणूस बोगस? मला दरदरून घाम फुटला. भाचीला मेसेज केला, तर तिचं उत्तर आलं: ‘मावशी, बी.ए.एम.एस.ची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. होमिओपॅथीची तिसरीकडे. तू चुकीच्या रजिस्टरात शोधतेयस.’ शाळेच्या जनरल रजिस्टरचा खंड चुकला की मुलगा शाळेत नव्हताच असं वाटतं, तसंच. मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना केळफुलाची भाजी नेऊन दिली. का ते त्यांना सांगितलं नाही.

नोंदवहीने एक काम केलं: दोघेही खरे सर्जन आहेत हे पक्कं झालं. पण त्यात पुरस्काराचा रकाना नाही, तसा ‘किती ऑपरेशनं केली, किती बिघडली’ हाही नाही. न्यूयॉर्क राज्यात हृदयाच्या बायपासचे निकाल सर्जनच्या नावानिशी १९९०च्या दशकापासून लोकांसमोर ठेवतात. आपल्याकडे तसं काही हाताशी नाही. आपल्याकडे हे तोंडानेच विचारावं लागतं.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दुर्बिणीने लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी स्वतःच्या एकेका ऑपरेशनचा व्हिडिओ दिला. नावं झाकून दुसऱ्या सर्जनांनी ते बघितले आणि हाताच्या सफाईला गुण दिले. २०१३ साली निकाल छापला. ज्यांचा हात सर्वांत कच्चा ठरला त्यांच्या रोग्यांत १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली होती, सर्वांत पक्क्यांच्या रोग्यांत ५.२ टक्क्यांना. आणि हात पक्का की कच्चा याचा संबंध ना प्रॅक्टिसच्या वर्षांशी लागला, ना फेलोशिप केली की नाही याच्याशी. म्हणजे फलकावर जे जे छापतात त्यातलं काहीच नाही. ओळखलं ते फक्त त्याच कामातल्या माणसांनी, तेही कामाकडे बघून, भिंतीकडे नव्हे. सुतार रंधा कसा धरलाय ते लांबूनच ओळखतो, आपण मात्र कपाटाचं पॉलिश बघतो.

आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दादाशी माझं फोनवर वाजलेलं तिने ऐकलं आणि म्हणाली, ‘पाटयेर काय लिवलाहा ता ऱ्हवांदे. त्येणी माझ्या पोटाक हात तरी लावल्यानी काय?’

म्हणून आधी जवळच्या सर्जनांकडे गेलो. दवाखाना साधा, बाकडी लाकडी. टेबलावर एका स्थानिक क्लबने दिलेलं स्मृतिचिन्ह होतं, ‘डॉक्टर्स डे’चं. पारदर्शक प्लास्टिकचा हात आणि हातात पृथ्वी. त्या बोटांच्या खोबणीत त्यांनी नंबरांचे पुठ्ठ्याचे बिल्ले खोचून ठेवले होते. १ जुलै हा बंगालचे नामवंत डॉक्टर आणि मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस, आणि १९६२ साली ते वारले तोही १ जुलैच. त्या दिवशी गावोगाव अशी स्मृतिचिन्हं वाटतात. म्हणजे सन्मान यांनाही मिळाला होता, फक्त नेमणूक दुसरीकडे झाली होती.

त्यांनी आईला झोपवून पोट तपासलं, खालची पापणी ओढून डोळे बघितले, खिडकीकडे तोंड करायला लावून पुन्हा बघितले. लघवीचा रंग विचारला. मग म्हणाले, ‘आजी, डोळ्यांत थोडा पिवळेपणा आहे. रक्त बघूया.’ आमच्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळ दाखवणारं द्रव्य, २.४ निघालं, वाढलेलं. सोनोग्राफी पुन्हा केली, तर पित्तनलिका ९ मिलिमीटर फुगलेली.

मी वहीतले प्रश्न काढले. थोडी लाज वाटत होती, पण विचारले. महिन्याला अशी किती करता? ‘चार-पाच.’ दुर्बिणीने नाही जमलं तर? ‘पोट उघडतो. त्यात अपयश नाही, शहाणपण आहे.’ भूल कोण देतं? ‘बाहेरून येतात, दोन-तीन हॉस्पिटलं सांभाळतात. रात्री लागले तर यायला वेळ लागतो.’ आणि मग न विचारता म्हणाले, ‘नुसतं पित्ताशय असतं तर मी केलं असतं. पण खडा नळीत सरकला असेल तर आधी तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढावा लागतो. ती सोय माझ्याकडे नाही. आधी एक तपासणी करा.’ चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: ‘एम.आर.सी.पी.’

चिठ्ठीचा फोटो दादाला पाठवला. पाच मिनिटांत फोन. ‘बघ! म्हणजे हे एम.आर.सी.पी. झालेत? लंडनचे? मग फलकावर का नाही लिहीत?’

एम.आर.सी.पी. ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांची पदवी आहे हे खरं. डॉ. रॉय यांनी ती आणि एफ.आर.सी.एस. अशा दोन्ही मिळवल्या होत्या. पण चिठ्ठीवरचं एम.आर.सी.पी. म्हणजे पित्तनलिकेचा एम.आर.आय. हे समजावताना मला हसू आवरेना, आणि दादा रागावून म्हणाला की इतकी सारखी अक्षरं ठेवतातच कशाला. यावर मात्र माझं आणि त्याचं एकमत आहे.

तपासणीसाठी कोल्हापूर गाठलं. पहाटे पाचला निघालो, गगनबावड्याच्या घाटात आई दोनदा ओकली. नळीत ६ मिलिमीटरचा खडा होता. आणि ज्यांच्याकडे हे सगळं एका छपराखाली होतं, ते दादाच्या फलकवालेच निघाले. जवळच्या सर्जनांनी चिठ्ठीही त्यांच्याच नावाने दिली होती.

दालनात चारी भिंतींवर चौकटी. ट्रॉफ्या काचेच्या कपाटात, आत दिवे. आईने सगळं न्याहाळलं आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, ‘हीं इतकीं बक्षिसां पुसता कोण गो?’ त्यांना मालवणी कळली असावी. ‘मीच की, आजी. दर शनिवारी,’ त्या म्हणाल्या.

मी मनातून फुली मारूनच आत गेले होते. कबूल करते, चौकटी बघून माणूस पोकळ असणार असं धरून चालणं हीसुद्धा दादाचीच चूक, फक्त उलट्या बाजूने घातलेली. डॉक्टर पन्नाशीचे, घाईत. तेच प्रश्न विचारले. किती करता, यावर त्यांनी संगणकाकडे न बघता खणातून एक जाड नोंदवही काढली. गेल्या वर्षी दोनशेच्या वर. सात उघडून करावी लागली. आणि मग बोट एका ओळीवर ठेवून म्हणाले, ‘या एका बाईंच्या पित्तनलिकेला इजा झाली. माझ्या हातून. दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागलं, आता बऱ्या आहेत. हजारात तीन ते पाच जणांना हे होतं असं पुस्तकं सांगतात, पण तुम्ही विचारताय म्हणून माझं सांगतो.’

मी वहीत काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. भिंतीवर चाळीसेक चौकटी होत्या, आणि जे मला हवं होतं ते खणात होतं.

बाकीची उत्तरंही चोख होती. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ, रात्रीही तिथेच. नळीतला खडा काढणारे पोटविकारतज्ज्ञ वेगळे, डी.एम. (एम.डी.च्या पुढची पदवी) झालेले, त्या प्रकारात स्वादुपिंडाला सूज येऊ शकते हेही त्यांनी आधीच सांगितलं. आईचं पोट दोघांनीही तपासलं. तिची अट पुरी झाली.

पहिल्या दिवशी नळीतला खडा निघाला. दोन दिवस साखर सांभाळली आणि तिसऱ्या दिवशी पित्ताशय काढलं. मी लॉजवर बसून मोबाइलवर या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दुर्बिणीने पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते एरिक म्यूहे या जर्मन सर्जनने, १९८५ साली, बोब्लिंगेन नावाच्या लहानशा शहरात. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं तर लोकांनी उडवून लावलं. त्याच संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. भारतात ते आणलं डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी, मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात, १९९० साली. त्यांचा पद्मभूषण २०१७ चा. आईला आत नेऊन सव्वा तास झाला होता.

आई पाचव्या दिवशी घरी आली. दादा आता डोंबिवलीत सगळ्यांना सांगतो, ‘पुरस्कारवाले डॉक्टर होते, मी आधीच म्हटलं होतं.’ मी सोडून दिलंय. निकाल त्याच्या बाजूने लागला हे खरंच आहे, फक्त कारणं त्याने वाचलेली नाहीत.

टाके बघायला आम्ही जवळच्या सर्जनांकडे गेलो, कोल्हापूर लांब पडतं म्हणून. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि हॉस्पिटलने दिलेला पेनड्राइव्ह होता, ऑपरेशनच्या चित्रणाचा. आम्ही तो उघडलाच नव्हता. त्यांनी टाके बघितले, साखर विचारली, आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. चित्रण भरभर पुढे ढकलत एका जागी थांबवलं. पडद्यावर पिवळट, ओलसर काहीतरी, त्यातून दोन दोरे पित्ताशयाकडे गेलेले. ‘हे बघा, क्लिपा लावायच्या आधी थांबलेत. दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवलंय, दोनच नळ्या आत जातात म्हणून. मगच कापलंय.’ मागे नेऊन त्यांनी तेवढाच भाग पुन्हा बघितला, आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. मग पेनड्राइव्ह काढून आईच्या हातात दिला, प्लास्टिकच्या बोटांतून पुढचा बिल्ला उपसला आणि दाराकडे बघून नंबर पुकारला.